काचेची जिम की पत्र्याचा हॉल?

प्रश्न : मुलगी नववीत आहे, वय 14, वजन 46 किलो, चष्म्याचा नंबर उणे अडीच. शाळेच्या शिबिरात बॉक्सिंग शिकली आणि आता तेच डोक्यात आहे. हडपसरला घराजवळ एक एसी जिम आहे, महिना 3,000 रुपये. चार किलोमीटरवर पत्र्याच्या हॉलमध्ये एक सर 700 रुपयांत शिकवतात. कुठे घालू? आणि यात पुढे काही आहे का?

ताई, फी अजून कुठेच भरू नका. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगा आणि बॉक्सिंगसाठी विचारतोय हे स्पष्ट बोला. उणे नंबर असलेल्या डोळ्याचा पडदा ताणलेला असू शकतो, आणि ठोसा चेहऱ्यावरच बसतो. चष्मा लावून रिंगमध्ये उतरता येत नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर सॉफ्ट लेन्सचंही त्यांनाच विचारा. दातांना तारा असतील तर दंतवैद्यालाही भेटा, कारण माऊथगार्ड वेगळं लागतं.

मग दोन्हीकडे न सांगता जा आणि पूर्ण सराव बघा, दीड तास तरी. स्पॅरिंगचा, म्हणजे दोघांच्या सराव-लढतीचा, वार विचारून त्याच दिवशी गेलात तर उत्तम. रिंग नवी की जुनी, याला फारसा अर्थ नाही. नवीन मुलांकडे कोण बघतंय ते बघा. चांगला कोच नवख्याचे हात नंतर बघतो, आधी पाय बघतो: मागची टाच उचललेली आहे का, पुढे सरकताना पाय एकमेकांत अडकतात का. पहिले दोन-तीन महिने दोरीच्या उड्या, स्टान्स (उभं राहायची पद्धत), आरशासमोर शॅडो (हवेत ठोसे), जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), थोडी बॅग (टांगलेल्या पिशवीवर ठोसे), एवढंच हवं. ‘पंधरा दिवसांत रिंगमध्ये उतरवतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

हाताला बँडेज कसं बांधतात ते जवळून बघा. साधारण साडेचार मीटरची पट्टी असते. मनगटावर तीन-चार वेढे, मग मुठीच्या गाठींवर, मग बोटांच्या मधून. मनगट सैल राहिलं की बॅगवर हात मुरगळतो. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसायला हवा. करंगळीच्या बाजूने बसत राहिला तर तिच्यामागचं हाड मोडतं. हे कोच स्वतः तपासतो, की मुलं एकमेकांचं बघून कसंबसं गुंडाळतात?

स्पॅरिंगचे ग्लोव्हज 14 किंवा 16 औंसांचे हवेत, हेडगार्ड आणि माऊथगार्ड सक्तीचं, एका वेळी रिंगमध्ये एकच जोडी आणि कोच रिंगच्या दोरीला टेकून उभा. तुमच्या 46 किलोच्या मुलीसमोर 60 किलोचा मुलगा ‘हिंमत वाढावी’ म्हणून उभा करत असतील तर तिथे घालू नका. मार खाणारं मूल तोंड फिरवतं, डोळे मिटतं. त्याच क्षणी ‘स्टॉप’ ऐकू यायला हवं. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. डोक्याला मार बसून लढत थांबली तर हौशी बॉक्सिंगमध्ये किमान 30 दिवस खेळू देत नाहीत. सरांना सहज विचारा, सरावात असं झालं तर तुम्ही काय करता? ‘पाणी मारतो, उठतं’ हे उत्तर पुरेसं बोलकं आहे.

लढती वजनगटांत होतात, म्हणून वजनाचंही विचारा. स्पर्धेआधी वजन उतरवायला पाणी तोडायला लावणं, प्लॅस्टिकचा सूट घालून पळवणं हे वाढत्या वयात चालणार नाही. मुलींची पाळी लांबायला लागली तर ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं. स्पर्धेला गावाबाहेर नेताना सोबत बाई व्यवस्थापक असते का? सराव बघायला पालकांना बसू देतात का? यावर आढेवेढे घेतले तर विषय संपला.

भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचाच. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा. डिप्लोमा नसलेला जुना खेळाडूही उत्तम शिकवू शकतो, पण मग त्याच्या हाताखालच्या मुली गेल्या वर्षी कोणत्या वजनगटात, कुठपर्यंत खेळल्या ते नावानिशी विचारा.

पुढे काही आहे का, तर आहे, पण कागद नीट असेल तरच. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. कुणीही भरवलेल्या ‘ओपन नॅशनल’चं मेडल तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून कोच मुलांना शालेय स्पर्धांत आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांत उतरवतो का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन खात्री करून घ्या. निवासी प्रशिक्षणाचा विचार असेल तर अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशीही तिथेच करा.

तुमच्या वर्णनावरून माझा कल पत्र्याच्या हॉलकडे आहे. घाम गाळायचा तर एसी जिम वाईट नाही, पण तिथून स्पर्धेला कुणी जातं का ते विचारून बघा. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्या-महिन्याने द्या. सध्या बँडेजच्या दोन जोड्या आणि माऊथगार्ड एवढंच विकत घ्या. जाड सोलचे धावायचे बूट नकोत, त्यांनी रिंगमध्ये घोटा मुरगळतो. ग्लोव्हज दोन महिन्यांनी, सरांना विचारून.