पार्कमध्ये गरुड लहान बाळाला उचलतो तो व्हिडिओ खरा आहे का?

नाही, तो खरा नाहीये, गरुड पण कॉम्प्युटरवर बनवलेला आणि हवेत उचललेलं बाळ पण. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या सेंटर नॅड या संस्थेच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या पोरांनी तो क्लास प्रोजेक्ट म्हणून केला, डिसेंबर २०१२ मध्ये यूट्यूबवर टाकला आणि तुफान व्हायरल झाल्यावर संस्थेनेच लगेच जाहीर करून टाकलं की हे आमचंच काम. पार्क आणि माणसं खरी आहेत, म्हणून तर लोक फसतात.

स्वतः बघायचं असेल तर यूट्यूबवर कॉम्प्युटरवरून पॉज करा आणि कीबोर्डवरचं स्वल्पविरामाचं आणि पूर्णविरामाचं बटण दाबत एकेक फ्रेम मागेपुढे सरकवा:
- गरुड खाली झेपावतो तिथे काही फ्रेममध्ये त्याची सावलीच नाहीये
- गरुडाने सोडल्यावरही बाळ क्षणभर वरच जात राहतं, मग खाली येतं

आणि वजनाचं पण बघा ना, गोल्डन ईगल, म्हणजे व्हिडिओत दाखवलेली गरुडाची जात, स्वतःच साधारण ३ ते ६ किलोचा, तो दहा-बारा किलोचं पोर घेऊन काय उडणार!

फक्त ही फ्रेमवाली ट्रिक व्हॉट्सॲपवर फिरून फिरून धुरकट झालेल्या कॉपीवर चालत नाही, आणि आताच्या एआय व्हिडिओत तर सावल्या बऱ्याचदा व्यवस्थित असतात, तिथे व्हिडिओ आधी कुणी टाकला तेच शोधावं लागतं.