वाचकांचे प्रश्न : सात रात्रींत भूतान किती पाहावा?

प्रश्न : आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले असून तीन पिढ्या विणकामात गेल्या आहेत. पती, ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई यांच्यासह भूतानची सांस्कृतिक सहल करण्याचे ठरवले आहे. एका सहल कंपनीने सात रात्रींत थिंफू, पुनाखा, फोबजिखा, बुमथांग आणि पारो असा कार्यक्रम आखून दिला आहे. तो स्वीकारावा का? कोणत्या महिन्यात जावे? सासूबाईंना तक्त्संगचा मठ चढता येईल का? आम्ही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : या कार्यक्रमातून बुमथांग आणि त्या वाटेवरचे फोबजिखा वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थिंफू ते बुमथांग हे अंतर सोलापूर ते पुणे या अंतराहून फारसे अधिक नाही. मात्र तो सगळा घाटरस्ता असल्यामुळे जाण्यात एक पूर्ण दिवस आणि येण्यात दुसरा पूर्ण दिवस खर्च होतो. सातांपैकी दोन दिवस सासूबाईंनी गाडीत बसून काढावेत, इतके ते आवश्यक नाही. थिंफू, पुनाखा आणि पारो ही तीन खोरी शांतपणे पाहिलीत, तर सात रात्री पुरतील.

महिना ठरवताना हवामानापेक्षा त्सेचू पाहावा. गुरू पद्मसंभवांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या मठांतील उत्सवांच्या तारखा भूतानच्या चांद्र पंचांगानुसार ठरतात. पारोचा त्सेचू साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि थिंफूचा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आपल्याकडे सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंदीतली माणसे चालतात, ती पाहुण्यांसाठी नव्हे; तसेच तिथेही गावकरी ठेवणीतले घो (पुरुषांचा पोशाख) आणि किरा (स्त्रियांचे वस्त्र) नेसून, शिदोरी बांधून मुखवट्यांची नृत्ये पाहायला येतात. पारोच्या उत्सवाच्या अखेरच्या दिवशी पहाटे थोंगद्रोल नावाचे प्रचंड कापडी चित्र भिंतीवर उलगडतात आणि सूर्याची किरणे त्यावर पडण्याआधी गुंडाळून ठेवतात. त्याच्या केवळ दर्शनाने पापे धुतली जातात, अशी श्रद्धा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जाण्यापेक्षा मुलाची शाळा आठवडाभर बुडालेली मला चालेल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : नृत्यांच्या मध्ये लाल मुखवट्यांचे विदूषक लाकडी लिंग हाती घेऊन प्रेक्षकांची थट्टा करत हिंडतात. त्यात अश्लीलता नसून अनिष्ट टाळण्याची भावना आहे, हे सासूबाईंच्या कानावर निघण्यापूर्वीच घालावे.

आपल्या घरासाठी या सहलीतला खरा ठेवा मात्र मागावर आहे, आणि कंपनीच्या पत्रकात त्याचा उल्लेख नसेल, तर तो आग्रहाने घालून घ्यावा. थिंफूमध्ये वस्त्रसंग्रहालय आहे, तसेच तेरा पारंपरिक कला शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. भूतानच्या स्त्रिया ज्या मागावर विणतात, त्याला पांगथाग म्हणतात. त्यात ताण्याचे एक टोक चौकटीला बांधलेले असते आणि दुसरे विणणारीच्या कमरेमागच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा आवळतो, पुढे झुकली की सैल पडतो. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर आधी नोंदलेली असते, तर तिथे ती विणणारीच्या डोक्यात असते आणि प्रत्येक ओळीला उभे धागे बोटांनी मोजून, नक्षीचा रेशमी धागा बाण्याखेरीज वेगळा भरावा लागतो. किशुथारा नावाची उंची किरा विणायला म्हणूनच कित्येक महिने लागतात. हा माग अरुंद असल्याने किरा तीन पट्टे शिवून जोडतात. इरकलीला पदर कसा जोडतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्या सासूबाई तो सांधा शोधल्याशिवाय राहणार नाहीत.

पुनाखाचा द्झोंग चुकवू नये. भूतान एकसंध करणारे लामा झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर तो बांधला. १९०७ मध्ये पहिल्या राजांचा राज्याभिषेक तिथेच झाला. द्झोंग म्हणजे अर्धा मठ आणि अर्धी कचेरी.

तक्त्संगचा मठ सुमारे ३,१२० मीटर उंचीवर, पारो खोऱ्यापासून जवळजवळ ९०० मीटर वर कड्याला लगटून आहे. आजची वास्तू १६९२ च्या मठाची असली, तरी १९९८ च्या आगीनंतर ती पुन्हा उभारावी लागली. चढायला दोन-तीन तास लागतात. अर्ध्या वाटेवरील उपाहारगृहापर्यंत घोडे जातात आणि तिथून समोर मठ स्वच्छ दिसतो. सासूबाईंनी तिथेच थांबावे, कारण पुढच्या शेकडो पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात. आपले सोलापूर ५०० मीटरच्याही खाली आहे, तेव्हा हा चढ पहिल्या दिवशी न ठेवता शेवटी ठेवावा.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, आधार कार्ड चालत नाही. मुलाचा पासपोर्ट नसल्यास जन्मदाखला घ्यावा. सध्या भारतीयांना प्रत्येक रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे, म्हणजे आपले सात रात्रींचे २९,४०० रुपये होतील. कंपनीच्या आकड्यात ही रक्कम धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

जेवणाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. एमा दात्सी या तिथल्या मुख्य पदार्थात मिरची तोंडीलावणे म्हणून नव्हे, तर भाजी म्हणून चीजमध्ये शिजवतात. मुलासाठी बटाट्याची केवा दात्सी मागवावी. भाजीत कधी कधी सुके मांस घालतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी विचारावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपण नेणारच आहात, हे गृहीत धरतो.