आईला पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत सिस्ट, म्हणजे पाण्याच्या गाठी, होण्याचा आजार), लिव्हरमध्येही सिस्ट. पुण्यात या आजाराची माणसं कुठे भेटतील?

मी स्वतः याच आजाराची पेशंट आहे. लिव्हरच्या सिस्टनी घाबरू नका. पोट फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं होतं, पण लिव्हरचं काम बहुतेकांचं नीट चालतं. बायकांमध्ये या सिस्ट जास्त वाढतात, त्यामुळे हार्मोनची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना आजार सांगा. खरं लक्ष बीपीवर हवं. मीठ कमी करा, आणि कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणू नका.

माणसं आधी घरातच शोधा. हा आजार बहुधा आनुवंशिक असतो, प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता. म्हणजे तुम्हीही तपासणीबद्दल विचारा. आपल्याकडे लग्नं जमेपर्यंत हे लपवतात (मला याचा फार राग येतो), पण पुढे किडनी द्यायला नात्यातलं कोणी तयार झालं, तर त्याची तपासणी होणारच.

बाहेरच्यांसाठी नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) सरळ म्हणा, ‘असाच दुसरा पेशंट तयार असेल तर त्यांना आमचा नंबर द्या.’ प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलांतल्या कोऑर्डिनेटरनाही विचारा. मला माझी मैत्रीण अशीच मिळाली. आम्ही क्रिएटिनिनपेक्षा (किडनीच्या रक्ततपासणीतल्या आकड्यापेक्षा) सासूबाईंबद्दलच जास्त बोलतो.