जर्मनीतील नव्या घरात जमिनीखालची हीटिंग : पाण्याची की विजेची?

आपण यावलहून विचारले आहे की, स्टुटगार्टजवळ स्थायिक होऊन घर बांधताना जमिनीखालची हीटिंग गरम पाण्याच्या पाइपांची घ्यावी की विजेच्या तारांची, आणि मातोश्रींना खाली बसण्याची सवय असल्याने ती त्यांना सोसेल का. मी मूळचा चोपड्याचा असून गेली १४ वर्षे या देशात राहतो. आमच्या घरात पाण्याची हीटिंग आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारे यंत्र) आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्ण घरासाठी पाण्याचीच हीटिंग घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेची तार एका युनिटातून एकच युनिट उष्णता देते, तर चांगला हीट पंप वर्षाच्या सरासरीत एका युनिटातून तीन ते चार युनिटे देतो. समजा, घराला वर्षाला ६,००० युनिटे उष्णता लागली, तर तारांना तेवढीच वीज लागेल आणि हीट पंपाला १,५०० ते २,०००. हे साधते, कारण जमिनीच्या मोठ्या पृष्ठभागामुळे ३० ते ३५ अंशांचे पाणी पुरते. जुन्या रेडिएटरांना बहुधा ५५ अंशांच्या वर पाणी लागते, आणि पाणी जितके जास्त तापवावे लागते तितका हीट पंप कमी किफायतशीर ठरतो. विजेच्या तारांची जाळी बसवायला स्वस्त आणि जाडीला काही मिलिमीटरच असते, त्यामुळे जुन्या घरातील एखाद्या न्हाणीघरापुरती ती योग्य आहे.

पाइपांची आखणी आपल्याला परकी वाटणार नाही, कारण केळीच्या बागेत ठिबक टाकणाऱ्याला तिचे मर्म आधीच ठाऊक असते. लॅटरल, म्हणजे ठिबकची ओळीतली नळी, फार लांब गेली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडते. तसेच इथे १६ मिलिमीटरच्या पाइपाचा एक फेरा साधारण १०० मीटरपेक्षा लांब ठेवत नाहीत. दोन ओळींत १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास चौरस मीटरला सुमारे साडेसहा मीटर पाइप लागतो, म्हणजे असा एक फेरा १५ चौरस मीटरच्या खोलीला पुरतो आणि मोठ्या दिवाणखान्याला दोन किंवा तीन फेरे करावे लागतात. खिडक्यांजवळ आणि न्हाणीघरात अंतर १० सेंटिमीटरवर आणतात. सर्व फेरे एका मॅनिफोल्डला, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या मुख्य नळीला, जोडलेले असतात, आणि तिथे प्रत्येक फेऱ्याचा प्रवाह मोजून जुळवला नाही तर जवळची खोली उकडते व कोपऱ्यातली गारठते. हे संतुलन कागदावर लिहून घ्या. त्याआधी प्रत्येक खोलीची उष्णतेची गरज वेगळी मोजून मागा, अंदाजाने काम करू देऊ नका.

पाइपांखाली इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) असते आणि वरून कोबा ओततात. सिमेंटच्या कोब्याला तापवण्याआधी किमान २१ दिवस थांबावे लागते. नंतर तीन दिवस २५ अंशांचे पाणी आणि पुढे चार दिवस आराखड्यातील कमाल तापमान ठेवतात. आमच्या ठेकेदाराने घाई केली, ओलावा मोजण्याआधीच लाकडी फरशी बसवली, आणि पहिल्याच हिवाळ्यात तिच्या कडा उचलल्या. ते काम पुन्हा करावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण ओलावा मोजेपर्यंत धीर धरणे एवढेच हवे होते. मी आता टाइल्सच सुचवीन. त्या उष्णता चांगली वाहून नेतात.

मातोश्रींबद्दल निश्चिंत असावे. राहत्या खोल्यांत जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही, असा युरोपीय मानकाचा दंडक आहे, आणि चांगल्या इन्सुलेशनच्या घरात तो बहुतेक दिवस त्याहून बराच खाली राहतो. माझी माय पहिल्यांदा आली तेव्हा तिने फरशीला तळवा लावून पाहिला आणि हीटिंग बंद आहे असेच तिला वाटले. पायांना गारठा लागत नाही, हीच तिची खूण. बसायला पातळ सतरंजी चालेल, मात्र जाड गालिचा किंवा घडी घातलेली गोधडी कायम पसरून ठेवली की उष्णता खालीच अडते.

मे महिन्यात भुसावळची गच्ची रात्री दहालाही हाताला गरम लागते, तसाच हा कोबा हळू तापतो आणि हळूच निवतो. त्यामुळे गिझरसारखे गरजेपुरते चालू-बंद करणे इथे उपयोगाचे नाही. तापमान एकदा ठरवून हिवाळाभर तसेच राहू द्यावे.

कोबा ओतण्याच्या आदल्या दिवशी मोजपट्टी ठेवून प्रत्येक खोलीतील पाइपांचे फोटो काढून ठेवा, कारण पुढे दाराला स्टॉपर किंवा देवघराला पाया बसवताना जमिनीत कुठे भोक पाडता येईल, हे त्यांवरूनच कळते.