ती मला 'भाऊ' म्हणते

प्रश्न : आम्ही वसईच्या किनारपट्टीवरील कॅथलिक कुटुंब. माझे वय 71, पत्नीचे 68. चार वर्षांपूर्वी तिला अल्झायमर झाल्याचे निदान झाले. दिवेलागणीला ती "मला घरी पोचवा, आई वाट बघत असेल" म्हणत फाटकापर्यंत जाते आणि मला 'भाऊ' म्हणते. रोझरीची माळ हाती दिली, की मात्र 'नमो मरिया' ही प्रार्थना न अडखळता म्हणते. नातलग सांगतात, "तिच्या लेखी तू कोणीच नाहीस. तिला कुठेतरी ठेव आणि कायद्याने मोकळा हो." रात्री जागून मी थकलो आहे. एकदा तो विचार माझ्याही मनात आला, याची लाज वाटते. वेदीसमोर दिलेले वचन मला अजून बांधून ठेवते का?

उत्तर : होय, ठेवते. मात्र 'मोकळे होणे' आणि 'कुठेतरी ठेवणे' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी नातलगांनी एकाच दमात सांगितल्या आहेत.

जोडीदार अर्जापूर्वी सलग किमान दोन वर्षे बरा न होण्याजोगा मनोविकल असेल, तर 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती व्यक्तीला घटस्फोट मागता येतो. पण न्यायालयाने तो दिला, तरी चर्चच्या दृष्टीने आपला विवाह टिकूनच राहतो. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम 1141 प्रमाणे शरीरसंबंधाने परिपूर्ण झालेला संस्कारित विवाह मृत्यूवाचून कशानेही मोडत नाही. संमती पाहिली जाते ती लग्नाच्या दिवसाची, त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनी मेंदूला जडलेला आजार त्या दिवशीचा होकार पुसू शकत नाही. शिवाय आपण दोघांनी आजारपणातही साथ देण्याचे वचन दिले होते, ते एकमेकांची ओळख राहील तोवरच, अशा अटीवर दिलेले नव्हते. आई एक वेळ तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी तुला विसरणार नाही, असे बायबलमधील यशयाच्या पुस्तकाच्या 49 व्या अध्यायात परमेश्वर सांगतो. आपल्या पत्नीला आज त्याच आधाराची गरज आहे.

अमेरिकेतील रॉबर्टसन मॅक्विल्किन यांनी 1990 मध्ये बायबल कॉलेजचे अध्यक्षपद सोडून अल्झायमर झालेल्या पत्नीची सेवा पत्करली आणि 2003 मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत ती केली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, पण कृपा करून त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. निष्ठा म्हणजे सगळा भार एकट्याने वाहणे नव्हे. उद्या आपली प्रकृती ढासळली आणि तिला शुश्रूषागृहात ठेवावे लागले, तर वचनभंग होणार नाही. आपण तिच्याकडे जाणे सोडले किंवा दुसरा संसार मांडला, तर होईल. मनात आलेला विचार थकव्यातून आला होता. फादरांशी मोकळेपणाने बोला आणि आठवड्यातून दोन रात्री कोणीतरी सोबतीला यावे, असे धर्मग्रामातील (पॅरिशमधील) माणसांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे मयताला सारा गाव जमतो, पण अशा घरी आपणहून कोणी फिरकत नाही, याची मला फार खंत वाटते.

वाडीत विहीर असेल, तर तिच्यावर आधी जाळी बसवून घ्या. "आई कधीच वारली" असे तिला सांगू नका, कारण ते दुःख तिला दर वेळी नव्याने सोसावे लागते. त्याऐवजी आई कशी होती ते विचारा, तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत जा आणि परत येऊन माळ सुरू करा. लहानपणी पाठ झालेल्या प्रार्थना बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. तिने 'भाऊ' म्हणून हाक मारली, तर चूक दुरुस्त करत बसू नका, ओ द्या.