मिरजेत वडिलांचं आतड्याचं मोठं ऑपरेशन आहे, नंतरच्या दुखण्याला एपिड्युरल बरं का टॅप ब्लॉक?

चीर उभी न् मोठी असेल तर माझं मत एपिड्युरल, कारण पाठीत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येतं, आतलं दुखणंपण कमी होतं, नीट खोकता येतं. पण बीपी पडतं, कधी पाय जड होतात, लघवी अडते. टॅप ब्लॉक म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन, सोनोग्राफीवर बघून पोटाच्या भिंतीत देतात, सोपा आहे, पण आतलं दुखणं त्यानं थांबत नाही न् एका डोसचा असर फार तर दिवसभर. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर बऱ्याचदा तेवढं बास होतं. वडलांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, एपिड्युरलचं त्यावरच अडतं, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका हां.