पुरावे मोजण्याआधी त्यांची मुळं बघा

दहा शोधनिबंध एकच निष्कर्ष देतात म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. दहाही जणांनी तेच उपकरण, तीच आकडेवारी वापरली असेल, तर पुरावा एकच. तो दहा तोंडांनी बोलतोय एवढंच.

अणूंचं प्रकरण बघा. ऑस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञही अणू मानायला तयार नव्हता. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँने पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून ॲव्होगाड्रो संख्या काढली, म्हणजे ठरावीक वजनाच्या पदार्थात (उदा. १२ ग्रॅम कार्बनमध्ये) किती अणू असतात तो आकडा. किरणोत्सर्गातून, आकाशाच्या निळेपणातून, तप्त वस्तूच्या प्रारणातूनही जवळपास तीच आली: ६ वर २३ शून्यं. प्रत्येक पद्धतीत चुकायच्या जागा वेगळ्या, मग सगळ्या चुकून एकाच आकड्यापाशी कशा येतील? १९०९च्या सुमारास ऑस्टवाल्डनेही मान्य केलं. (हट्टी खरा, पण प्रामाणिक.)

तेव्हा वाचताना आधी हे शोधा: एक पद्धत खोटी ठरली, तर दुसरीही तिच्यासोबत कोसळते का?